ऑर्केस्ट्राला धरलेला सूर

माझे वडील सूर धरतात. वसतिगृहात हे मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मुलांना काही कळलं नव्हतं, म्हणून इथं आधीच नीट सांगतो. आम्ही चारठाण्याकडचे गुरव. महादेवाच्या देवळात सकाळ-संध्याकाळ सनई वाजते ती आमच्या घरातली. सनई काका वाजवतात, म्हणजे माझे धाकटे चुलते. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. आप्पा काकांच्या शेजारी बसतात आणि दुसऱ्या सनईवर एकच स्वर धरून ठेवतात. ह्या सनईची भोकं मेणानं बुजवलेली असतात, कारण त्यांचं कामच नसतं. तोंडानं फुंकत असतानाच नाकानं श्वास घ्यायचा, गालात हवा साठवायची आणि सूर कुठंही तुटू द्यायचा नाही. काकांची बोटं वर-खाली कुठंही फिरोत, परत यायला त्यांना ती एक जागा लागते. ती जागा आप्पांनी राखायची.

थोरले असून तुमच्याकडे नुसता सूर का, असं मी लहानपणी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "बोटं चालवायला कुणीबी शिकतंय. एका जाग्यावर बसायला थोरलंच लागतंय."

ह्या कामाचा एक नेम आहे. कुठंही, कुणाचाही सूर पडायला लागला, तर जवळ असेल त्यानं तो उचलायचा. मग तो आपल्या ताफ्याचा असो की परका. सोनपेठकडच्या एका लग्नात आप्पा पाहुणे म्हणून गेले होते. पंगतीत बसले असताना मांडवातल्या सूरवाल्याला खोकल्याची उबळ आली. आप्पा भरल्या ताटावरून उठले आणि उष्ट्या हातानं त्याची सनई घेऊन बसले. अन्नाचा अपमान झाला म्हणून यजमान रुसले. आप्पा एवढंच म्हणाले, "अन्न थांबतंय. सूर थांबत न्हाई." हे मला पाठ होतं. तरीही पुढं जे झालं ते आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं आणि आलं नाही.

मी आमच्या घरातला पहिला शिकणारा. परभणीला मॅट्रिक झालो आणि हैदराबादच्या कॉलेजात गेलो. पहिलं वर्ष कसंबसं एका ओळखीच्या माणसाच्या ओसरीवर राहून काढलं. दुसऱ्या वर्षी फुकट खोली मिळायची शक्यता होती, पण वसतिगृहाच्या इंग्रज प्रमुखांनी अट घातली होती. मुलगा गरजू आहे आणि चांगल्या वर्तनाचा आहे, असं जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांचं पत्र पाहिजे. तालुकदार म्हणजे आमच्याकडे जिल्ह्याचा सगळ्यात मोठा अधिकारी. पत्र नाही तर खोली नाही, आणि खोली नाही तर कॉलेज नाही, इतकं ते सरळ होतं. त्या ओसरीवर आता त्या घरच्या सुनेचं बाळंतपण होणार होतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या पत्रासाठी मी कचेरीत तीनदा गेलो. दोनदा साहेबांच्या पेशकारांनी, म्हणजे कागदपत्रं बघणाऱ्या कारकुनांनी, "बाद में आओ" म्हणून परत पाठवलं. तिसऱ्यांदा त्यांनी मला वर-खाली पाहिलं आणि विचारलं, "अंग्रेजी पढ़ लेते हो?"

मी हो म्हटलं.

लढाईची वर्षं होती. लढाईच्या फंडासाठी सिकंदराबादहून फौजेचा एक ऑर्केस्ट्रा रेल्वेच्या मार्गावरच्या गावांतून कार्यक्रम करत येणार होता. परभणीचा कार्यक्रम तालुकदारसाहेबांच्या बंगल्यापुढच्या मैदानात ठरला होता. रेल्वेचे एक मोठे गोरे साहेब आणि त्यांच्या पत्नी खास पाहुणे होते. प्रत्येक रचनेच्या आधी तिची माहिती उर्दूत सांगायला माणूस हवा होता. बँडमास्तरांचे इंग्रजी कागद माझ्या हातात देऊन पेशकार म्हणाले, "ये कर दो, साहब खुश हो गए तो तुम्हारा खत भी हो जाएगा." पुढं ते आपल्याशीच म्हणाले, की दरवाज्यावर शहनाईही बसवायला हवी.

मी लगेच म्हणालो, "आमच्या घरचेच वाजवतात."

हे वाक्य मी कितीतरी वेळा मनात परत घेतलं आहे.

आप्पा आणि काका बैलगाडीनं जिंतूरला आणि तिथून मोटारीनं परभणीला आले. आप्पांनी धोतर नीळ घालून धुतलं होतं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ताजे होते. बंगल्याच्या दरवाज्यावर दोघांसाठी चौरंग मांडला होता. पाहुण्यांच्या मोटारी येईपर्यंत दोघांनी वाजवलं, आणि ते चांगलं झालं. गोऱ्या साहेबांच्या पत्नी क्षणभर थांबल्याही. सगळे आत बसले तेव्हा पेशकारांनी दोघांना मंचाच्या बाजूच्या कापडी कनातीमागं बसवलं. कार्यक्रम संपल्यावर लोक परत जाताना पुन्हा वाजवायचं होतं. मीही कनातीजवळच उभा होतो, कारण माहिती सांगायला मला तिथूनच वर जायचं होतं.

मंचावर तीसेक माणसं होती. बरीचशी गोव्याकडची, काही अँग्लो-इंडियन. उन्हं उतरत होती. गॅसबत्त्या पेटवल्या होत्या, पण त्यांची अजून गरज नव्हती. माझ्या हातातले कागद घामानं ओले झाले होते. त्यात पहिल्या दोन रचना शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या जर्मन माणसांच्या होत्या. पेशकारांनी 'जर्मन' शब्द खोडून तिथं 'यूरोपी' लिहायला लावलं होतं. तिसरी, नव्या पद्धतीची, ह्याच शतकातली होती.

वाजवायच्या आधी त्यांनी वाद्यं लावली. आमच्या सनईसारखंच एक काळं, लांब वाद्य असतं, त्याला ओबो म्हणतात. तो वाजवणाऱ्यानं एक स्वर धरला, आणि बाकी सगळे एकेक करून त्या स्वरावर आले. कनातीमागं आप्पा ताठ बसले.

"बघ," ते काकांना म्हणाले, "ह्यांच्यातबी सूरवालाच पयला."

त्यांनी आपल्या सनईच्या तोंडाची पत्ती ओठांत भिजवली, तिचा धागा जरा फिरवला आणि अगदी हळू फुंकून आपला सूर त्या सुराशी जुळवून ठेवला. हे ते सवयीनं करत होते. लोहार दुसऱ्याच्या भट्टीपाशी गेला तरी भाता बघतोच, तसं.

मग ओबोवाला थांबला. बँडमास्तरांनी हात वर केला आणि वाजवणं सुरू झालं. आप्पांनी मला धोतराच्या सोग्याला धरून जवळ ओढलं.

"सूर सोडला की रे त्यानं."

"त्यांच्यात सूर नसतो, आप्पा. लावण्यापुरताच असतो."

"मग परतायचं कुठं?"

ते मलाच माहीत नव्हतं. मी वसतिगृहातल्या मुलांकडे जाऊन त्यांच्या ग्रामोफोनवर असलं संगीत दोनदा ऐकलं होतं, आणि आवडल्यासारखं केलं होतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच ते माझ्यासमोर वाजत होतं. व्हायोलिनांचे वीस गज एकदम खाली येत होते आणि एकदम वर जात होते. मला ते एकत्र नांगरणाऱ्या बैलांसारखं वाटलं. कुठंतरी छातीत भरून येत होतं. मात्र ते संगीतानं की पत्राच्या काळजीनं, ते मी आजही खात्रीनं सांगू शकत नाही.

पहिल्या दोन रचनांना आप्पांनी फारशी तक्रार केली नाही. "गर्दीत चालून जातंय," ते म्हणाले. काका डोळे मिटून ऐकत होते. मी वर जाऊन दोन्ही वेळा माहिती सांगितली, अडखळलो नाही, आणि तालुकदारसाहेबांनी पेशकारांकडे पाहून मान हलवली. ती मान मी पाहिली. मला वाटलं, झालं.

तिसरी रचना सुरू झाली तेव्हा अंधार पडला होता. ती अगदी हळू होती. बाकीची वाद्यं एकेक करून गप्प झाली, आणि ओबोवाला एकटाच राहिला. तो चार स्वर घ्यायचा, थांबायचा. पुन्हा तीन घ्यायचा, थांबायचा. मधे काहीच नाही. कागदावर लिहिलं होतं, की ही शांतताही रचनेचा भाग आहे. उर्दूत हे कसं सांगावं ते मला जमलं नव्हतं, म्हणून मी ते वाक्यच गाळलं होतं.

आप्पांचा श्वास वाढलेला मला ऐकू येत होता.

"उघडा पडला त्यो," ते पुटपुटले. "कुणीच न्हाई त्याच्या मागं."

काका म्हणाले, "आपलं काम न्हाई ते, दादा."

ओबोवाला पुन्हा थांबला. आणि त्या थांबण्यात आप्पांनी सूर धरला.

त्यांनी तो दबता धरला होता, आदबीनं. पण सनई ती सनईच. कनातीमागून तो सूर सरळ मैदानभर पसरला. ओबोवाल्यानं दचकून मान वळवली. बँडमास्तरांचा हात हवेत तसाच राहिला. एक-दोन व्हायोलिनं चुकून वाजली आणि थांबली. मग सगळं थांबलं, फक्त आप्पांचा सूर चालू राहिला. त्यांना कनातीमुळं काही दिसत नव्हतं. त्यांच्या हिशेबानं समोरच्या माणसाला आता परतायला जागा होती, आणि तो केव्हा परततो याची ते वाट पाहत होते.

तालुकदारसाहेब उठून उभे राहिले. "कौन है ये?"

पत्र गेलं, एवढंच माझ्या मनात आलं. आप्पांचं काय होईल हे नंतर आलं, आणि हा क्रम मला बदलता येत नाही.

तेवढ्यात गोरे साहेब हसले. ते इंग्रजीत म्हणाले, की गारुड्यालाही आपल्यात वाजवायची हौस आलेली दिसते, त्याला पुढं आणा, साप कुठून निघतो ते बघू. त्यांच्या पत्नी हसल्या. इंग्रजी कळणारे हसले, आणि त्यांना पाहून न कळणारेही हसले. तालुकदारसाहेबांच्या चेहऱ्यावरचा राग माझ्या डोळ्यांदेखत उतरला आणि तिथं हसू आलं. त्यांनी मला खूण केली. "लाओ उसे."

मी कनातीमागं गेलो. काकांनी आप्पांचा हात धरून सूर थांबवला होता. आप्पा गोंधळले होते. "चुकलं का रे काही? का थांबले ते?"

मी म्हणालो, "साहेबाला तुमचा सूर आवडला, आप्पा. ते म्हणतात, पुढं येऊन धरा."

मी खोटं बोलायचं ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि ते बाहेर आलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. काकांना इंग्रजी येत नाही, पण हसण्याला भाषा लागत नाही.

आप्पांनी उपरणं नीट केलं. मंचावर चढताना पायरीला हात लावून तो कपाळाला लावला, देवळात लावतात तसा. पुन्हा हशा झाला. ओबोवाल्यापासून हातभर अंतरावर ते मांडी घालून खाली बसले. भोवती सगळे खुर्च्यांवर होते. त्यांनी ओबोवाल्याला मान तुकवली आणि सूर धरला.

बँडमास्तरांनी खांदे उडवले आणि बाजूला झाले. त्यांना हे पसंत नव्हतं, ते दिसत होतं, पण त्यांनी अडवलं नाही. ओबोवाला तरुण होता. आधी तो नीट वाजवू लागला, आणि दोन-चार क्षण, मी शपथेवर सांगतो, ते काहीतरी वेगळंच आणि चांगलं झालं. मग त्यानं आपल्या सोबत्यांकडे पाहून डोळा मारला. तो मुद्दाम सुराच्या अंगावरून घसरू लागला, बदकासारखे आवाज काढू लागला. लोक हसू लागले. आप्पांचे डोळे मिटलेले होते. सोबतीचा माणूस वाट चुकला असं समजून त्यांनी सूर आणखी भक्कम केला.

हसण्याचा भर ओसरल्यावर गोऱ्या साहेबांच्या ध्यानात आलं, की हा माणूस श्वास घेण्यासाठी थांबतच नाही. त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं. किती वेळ टिकतो ते बघू, असं ते म्हणाले. ऑर्केस्ट्रा गप्प झाला. ओबोही थांबला. एवढ्या माणसांपुढं आप्पा एकटेच एक सूर धरून बसले होते आणि पुढच्या रांगेतली माणसं वाकून घड्याळ पाहत होती. आप्पांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. कपाळावरची विभूती घामानं ओघळून भुवईत आली. कुणीतरी थांबा म्हटल्याशिवाय ते थांबणार नव्हते, आणि ते म्हणू शकणारा तिथं मी एकटाच होतो.

मी तालुकदारसाहेबांकडे पाहत होतो. ते खूश होते.

शेवटी साहेबांच्या पत्नीच कंटाळल्या आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. आप्पांनी डोळे उघडले, सनई कपाळाला लावली आणि चारी बाजूंना नमस्कार केला.

तालुकदारसाहेबांनी मला जवळ बोलावलं. "तुम्हारा आदमी है?"

"जी, वालिद हैं," मी म्हणालो. निदान एवढं मी खरं बोललो.

त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "बाप ने महफ़िल बना दी. सुबह आकर अपना खत ले जाना."

सकाळी पत्र मिळालं. इंग्रजीत टाइप केलेलं, खाली सही आणि शिक्का. मी ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. हा मुलगा गरजू आहे, त्याची वर्तणूक उत्तम आहे, तो प्रामाणिक आहे, त्याला जमेल ती मदत व्हावी.

परतीच्या मोटारीत आप्पा अनोळखी माणसांशी बोलत होते. एरवी ते फार बोलत नाहीत.

"त्यांच्यात सगळं हाय," ते शेजारच्या एका व्यापाऱ्याला सांगत होते, "पर सूर धरणारा ठेवला न्हाई. सायबानं ओळखलं. घड्याळ लावून ऐकलं."

"घड्याळ कशाला?" व्यापारी म्हणाला.

"आता त्यांची ऐकायची रीत ती."

बोरीला मोटार पाणी भरायला थांबली. आप्पा आतच बसले होते. काका मला लिंबाखाली घेऊन गेले आणि म्हणाले, "कागद मिळाला न्हवं तुला?"

"मिळाला."

"मग आता गप राहा."

"काका, मला त्यांना खरं सांगायचंय."

"कशापायी? तुला हलकं वाटावं म्हून?" काका माझ्याकडे पाहत नव्हते. "तू जाशील हैदराबादला. हिकडं रोज सकाळी त्याच्या शेजारी मला बसायचंय. त्याला कळलं तर तो सूर खाली ठेवील आन् पुन्हा उचलायचा न्हाई. मग मी कुणाच्या जिवावर वाजवू?"

"तुमीच त्यांना आधी अडवायला पायजे होतं," मी म्हणालो. मला ते बोलायला नको होतं.

"अडवलं होतं," काका म्हणाले. "पुढं ये म्हून तू बोलावलंस."

मी दुसऱ्या वर्षाला वसतिगृहात राहायला गेलो. खोलीला खिडकी होती, बत्ती होती. दिवाळीच्या सुट्टीत गावी आलो तेव्हा परभणीची गोष्ट माझ्या आधीच सगळीकडे फिरून आली होती. तिच्यात आता ओबोवाला आप्पांच्या पाया पडत होता. कुणी खोटं सांगत नव्हतं. आप्पांनी जे पाहिलं नाही ते लोकांनी भरून घेतलं होतं.

एका संध्याकाळी पूजा झाल्यावर देवळाच्या मंडपात दहा-बारा माणसं बसली होती. दुसऱ्या गावाहून आलेला एक म्हातारा पाहुणा होता. आप्पा त्याला म्हणाले, "माझ्या लेकाच्या समोर झालं हे. त्यानंच तर मला सांगितलं. सायब काय म्हणला ते विंग्रजीत सांग रे यांला. त्याच्याच बोलीत."

मी म्हणालो, "आता आठवत नाही, आप्पा."

"असं कसं? एवढं शिकलास आन् बापाचं तेवढं आठवत न्हाई?" सगळे हसले. साधं हसू होतं ते.

काका खांबाला टेकून बसले होते. ते उठले आणि पायऱ्या उतरून गेले.

मी उभा राहिलो. खरे शब्द मला आठवत होते, पण त्या देवळात ते तोंडातून निघेनात. दुसरं काही इंग्रजी त्या क्षणी सुचेना. शेवटी मी ते पत्र म्हटलं. गरजू आहे, वर्तणूक उत्तम आहे, प्रामाणिक आहे, जमेल ती मदत व्हावी. इंग्रजीत, पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत.

आप्पा मान खाली घालून ऐकत होते. पाहुण्या म्हाताऱ्यानं विचारलं, "म्हंजे काय झालं?"

"अर्थ कशाला इचारता?" आप्पा म्हणाले. "एवढं लांब बोलला तो. एका सुरासाठी."

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी गावी गेलो नाही. अभ्यास आहे असं कळवलं. ते पत्र असलं की खोली सुट्टीतही सोडावी लागत नाही.